गुळगुळीत हात

मी काय काम करते असं कुणी विचारलं, तर मी सांगते, कॉम्प्युटरवर विणकाम. लोक हसतात. आमच्या हमरापूरच्या शेजारणींना अजून वाटतं की मी स्वेटरची डिझाइनं काढते. एकीने तर नातवासाठी टोपडं मागितलं होतं, आणि ते दिलं नाही म्हणून सहा महिने अबोला धरला.

रोह्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. तिथे यंत्रावर कापड विणतात, पण ते अंगावर मिरवायचं कापड नव्हे. गुडघ्याचे पट्टे, सुजलेल्या पायांचे मोजे, गाळण्याच्या पिशव्या, असलं कामाला जुंपायचं कापड. यंत्रात धागा जाण्याआधी तो कॉम्प्युटरमध्ये विणायचा, हे माझं काम. आधी एकच टाका घ्यायचा. टाका म्हणजे वळलेला धागा. त्याला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी शेजारचे टाके धरून असतात. ओढला तर तो किती सरळ होईल, शेजाऱ्यावर कुठे घासेल, सोडल्यावर पुन्हा किती वळेल, हे सगळं गणित. एका टाक्याचं गणित जमलं की त्यावरून अख्ख्या कापडाचं करायचं, आणि मग ते कापड कॉम्प्युटरमधल्याच पायावर किंवा हातावर चढवायचं. कापड कुठे किती दाबतं आहे ते पडद्यावर रंगांत दिसतं. लाल म्हणजे जास्त, हिरवा म्हणजे हवं तेवढं, निळा म्हणजे दाबतच नाही.

हे मला फार चांगलं येतं. बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते समजायला हे माहीत असणं गरजेचं आहे. मला ते चांगलं येत होतं, आणि येतं हे मला माहीत होतं.

मी राहते रोह्यात, पण आमचं घर हमरापूरला, गणपतीच्या कारखान्याचं. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड, आणि वर्षाचे दहा महिने घरभर पांढरी धूळ. बाबांचं काम फिनिशिंगचं. साच्यातून निघालेली मूर्ती ओबडधोबड असते. तिला शिवण असते, हवेचे बुडबुडे अडकून खड्डे पडलेले असतात. बाबा पातळ प्लॅस्टर बोटावर घेऊन खड्डे भरणार आणि मग पॉलिश पेपरने घासत बसणार. घासताना ते मूर्तीकडे बघतही नाहीत. भलतीकडे बघत, कुणाशी गप्पा मारत घासतात. घरात ताट, दाराची कडी, काहीही हातात आलं तरी त्यांचा अंगठा त्यावर फिरतो. लहानपणी ताप आला की ते माझं कपाळही तसंच चोळायचे आणि मी ओरडायचे.

माझा धाकटा भाऊ आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळी मूर्ती रंगवून झाल्यावर शेवटी डोळे, आणि ते साधले नाहीत तर आधीचं सगळं फुकट. तो आखणीला बसला की आमच्याकडे पंखा बंद, मोबाइल बंद, कुणी एक शब्द बोलायचा नाही. पनवेलहून आलेले व्यापारीसुद्धा दारात मुकाट उभे राहतात. तो उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो, तिच्या आधाराने हात तोलतो आणि एका दमात पापणीची रेघ ओढतो. करंगळी हलली की रेघ गेली.

मागच्या वर्षी आषाढात तो हात भाजला. पावसाळ्यात मूर्ती लवकर सुकत नाहीत म्हणून शेडमध्ये शेगड्या लावतात. स्प्रे गन धुवायचा थिनरचा डबा कुणाच्या तरी पायाने कलंडला. तो डबा उचलायला भाऊ वाकला आणि हातावर सांडलेल्या थिनरने पेट घेतला. पाय कुणाचा ते आजवर कुणी विचारलेलं नाही.

मांडीची कातडी काढून तळव्याला आणि बोटांना लावली. दिवाळीपर्यंत जखमा भरल्या. तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं की खरं काम आता सुरू होतं. भाजलेल्या जागी जी नवी कातडी येते ती जाड होत जाते, वर उचलते आणि आक्रसते. आक्रसताना बोटं आत ओढते. तिला रात्रंदिवस, सगळीकडे सारखं दाबून ठेवायचं, वर्षभर तरी. त्यासाठी घट्ट विणलेला हातमोजा. दाब कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर रक्त अडतं. मी करंगळीचं विचारलं. ते म्हणाले, मोजा बरोबर बसला तर करंगळी सरळ राहील. बाबा, भाऊ आणि मी, आम्ही तिघेही तिथे बसलो होतो आणि तिघांनाही याचा अर्थ कळला. करंगळी सरळ राहिली तर आखणी, नाहीतर नाही.

दवाखान्यातून मिळालेला मोजा फीतपट्टीने मापं घेऊन शिवलेला होता. अंगठ्यात रुतत होता आणि मनगटाला लोंबत होता. मला राग आला. डॉक्टरांच्या समोरच मी तो काढला आणि म्हटलं, हा मोजा मी करते. कंपनीत आमच्या साहेबांना विचारलं तर ते लगेच तयार झाले. त्यांच्या मनात तसले मोजे काढायचं होतंच.

मोज्याचं गणित करायला हाताचा आकार कॉम्प्युटरमध्ये यावा लागतो. आमच्याकडचा स्कॅनर म्हणजे एक पेटी. आत फिरती तबकडी. वस्तू ठेवायची आणि पाव तास हलू द्यायची नाही. भावाचा हात तेव्हा दोन मिनिटंही स्थिर राहत नव्हता, शिवाय बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये न्यायचं तर गेटवर शंभर भानगडी. मी हे जेवताना सांगत होते. बाबा म्हणाले, हात नेता येत नाही तर हाताचा साचा ने.

"हयाती गेली देवाचे हात काडन्यात," ते म्हणाले, "पोराचा नाय निंगनार?"

मला ते इतकं पटलं की मी उठून उभी राहिले. कुठल्याही कंपनीला सुचणार नाही असं आमच्या घराला सुचलं होतं. दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात ती गुलाबी पावडर मी पेणहून आणली, कारण ती गार असते आणि नव्या कातडीला चालते हे डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. दुधाच्या किटलीत तिचा काला केला. भावाने त्यात हात घातला आणि बाबांनी त्याचं कोपर धरलं. पावडर घट्ट होईपर्यंत दोघे एकमेकांकडे न बघता बसले होते. हात बाहेर आला, आत पोकळी राहिली, तिच्यात बाबांनी प्लॅस्टर ओतलं. नीट सुकू दे, दोन दिवसांनी ने, असं मला सांगितलं.

दोन दिवसांनी तो हात मला सुती फडक्यात गुंडाळून मिळाला. मी सुट्टीला आले की परतताना बाबा मला स्कूटरवरून हमरापूर स्टेशनला सोडतात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर थांबतात. त्या दिवशी त्यांनी तीनदा बजावलं, सांभाळून ने, पडला तर बोटं तुटतील. कासू स्टेशन गेल्यावर मला राहवलं नाही आणि मी फडकं सोडलं. समोरच्या बाईने विचारलं, कुठल्या देवाचा हात आहे. मी हसून म्हटलं, देवाचा नाही, भावाचा.

हात फार सुंदर होता. एवढा सुंदर का, असं मला तेव्हा वाटायला हवं होतं. त्या हाताच्या पट्ट्या मी स्वतः बदलल्या होत्या. त्यावर कुठे वळ होते, कुठे खळगे होते, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. तरी मी मनाशी म्हटलं की ती गुलाबी पावडर बारीकसारीक धरत नसणार. खरं सांगायचं तर एवढंही म्हटलं नाही. मला घाई होती.

आमचे निटिंग मास्तर रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावातले. उमेदीची वर्षं आखातात एका कापड कारखान्यात काढून परत आलेले. सगळी कंपनी त्यांना चाचा म्हणते. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कितवी सुई वाकली ते सांगतात. त्यांनी प्लॅस्टरचा हात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हा भाजलेला हात आहे ना, मग इतका साफ कसा? मी म्हटलं, चाचा, आमच्या घरचं कास्टिंग आहे. त्यांनी हात माझ्याकडे परत दिला. माझ्या बोलण्यात जो तोरा होता तो त्यांना ऐकू आला असणार.

स्कॅन झाला. आता इथे मला सवयीबद्दल सांगायला हवं. स्कॅन कशाचाही असो, त्यावर खरखर येते. गणित त्या खरखरीत अडकतं आणि बंद पडतं. म्हणून प्रोग्राममध्ये पृष्ठभाग गुळगुळीत करायची एक सोय असते. बटण दाबलं की उंचवटे थोडे बसतात, खोलगट भाग थोडे भरतात. आमच्या खात्यात सगळेच ते दोनदा दाबतात. मीही दोनदा दाबलं. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तसं, त्यात विचार नव्हता.

गणित पहिल्या झटक्यात सुटलं. असं सहसा होत नाही. मोजा हातावर चढला आणि सगळा हात हिरवा झाला, तळव्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत. मी त्याचा फोटो घरी पाठवला. भावाने अंगठा पाठवला. बाबांनी तो फोटो शेजाऱ्यांना दाखवला असं नंतर कळलं.

चाचांनी मोजा विणला. प्लॅस्टरच्या हातावर तो असा बसला की शिवणही दिसेना. भावानेही तो मन लावून वापरला. अंघोळीपुरता काढायचा, लगेच घालायचा. खाज सुटायची, तरी तक्रार नाही. एकदाच, माघात कधीतरी, मला फोनवर म्हणाला की करंगळीच्या मुळाशी मोजा लागल्यासारखा वाटत नाही, आत पोकळ वाटतं. मी त्याला सांगितलं की तसं नसणार, त्या जागी दाब अगदी हवा तेवढा आहे, मी हिशेब केलाय. तिथली नवी कातडी बधिर असते म्हणून तसं वाटत असेल. तो बरं म्हणाला. त्याचा हात त्याच्या अंगाला जोडलेला होता, आणि त्यात काय जाणवतं ते मी रोह्यात बसून त्याला सांगत होते. आजही ते आठवलं की मी जिथे असेन तिथून उठते.

होळीच्या आसपास तपासणीला गेलो. डॉक्टरांनी मोजा लगेच काढला नाही. आधी त्यांनी मोज्यावरूनच तळव्यात, करंगळीच्या मुळाशी, बोट टेकवलं. बोट आत गेलं. कापडाखाली जागा होती. मोजा दोन्ही बाजूंच्या उंच वळांवर टेकून मधल्या खळग्यावरून नुसता ताणून बसला होता, ओढ्यावरच्या साकवासारखा. मग त्यांनी तो काढला. खळग्यातली कातडी जाड दोरीसारखी झाली होती आणि तिने करंगळी आत ओढली होती. सरळ कर म्हटल्यावर भावाने केली, पण ती अर्ध्यावर थांबली. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला. शेवटी डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि पुरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भावाला रोह्याला घेऊन गेले. चाचा पाळी संपवून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आले. मी प्लॅस्टरचा हात पिशवीत आणला होता. चाचांनी बाकावरचे ग्लास बाजूला सारले, भावाचा हात बाकावर ठेवायला लावला आणि प्लॅस्टरचा हात त्याच्या शेजारी ठेवला. मग बराच वेळ ते दोन्ही हातांवरून आळीपाळीने अंगठा फिरवत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "हा हात याचा नाय."

भावाने प्लॅस्टरचा हात उचलला, उजेडाकडे धरला, नखांच्या कडा बघितल्या आणि तो हसायला लागला. म्हणाला, हे बाबांचं काम आहे. बाबांनी घासलाय. बघ, नखं गणपतीची केलीत.

मग आम्हालाही दिसलं. दोन दिवस सुकायला म्हणून ठेवलेल्या त्या हातावर बाबांनी सवयीने खड्डे भरले होते, वळ घासून काढले होते. कदाचित सवयीनेही नसेल. पोराचा हात तसा बघवला नसेल. हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. भाऊ हसायचा थांबला तेव्हा चहा निवला होता.

त्याला दुपारच्या गाडीत बसवून मी परत लॅबमध्ये गेले. आधीचा, गुळगुळीत न केलेला स्कॅन काढला. मी काय शोधत होते ते सांगायला लाज वाटते. सगळी चूक त्या पॉलिश पेपरची होती, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मागची बाजू, बोटं, मनगट, सगळं बाबांनी साफ केलेलं होतं. पण तळव्यात, करंगळीच्या मुळाशी, जिथे घडी पडते तिथे त्यांचा कागद पोचला नव्हता. तिथला खळगा शाबूत होता. उथळ होता, पण स्पष्ट होता. मी बटण एकदा दाबलं, खळगा अर्धा भरला. दुसऱ्यांदा दाबलं, तो नाहीसा झाला. मग गुळगुळीत न केलेल्या स्कॅनवर तोच मोजा चढवून गणित पुन्हा केलं. हात हिरवा झाला आणि त्या एका जागी नखाएवढा निळा डाग आला. बाबांनी अख्खा हात घासला होता, पण जी जागा करंगळीची होती ती घासली होती मी.

येत्या सुट्टीला घरी जाऊन सगळं सांगायचं असं मी ठरवलं. लॅपटॉपही सोबत घेतला, दाखवायला. पण भावाने तोवर घरी बोलता बोलता सांगून टाकलं होतं. त्याच्या मनात काही नव्हतं, तो बाबांना चिडवत होता. मी पोचले तेव्हा बाबा मागच्या पडवीत एकटे बसले होते. लॅपटॉपची बॅग माझ्या खांद्यालाच होती.

"माझ्यापायी जालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला काय माहीत असणार. यात एक शब्दही खोटा नव्हता. त्यांनी मान हलवली आणि मी आत जाऊन पाणी प्यायले. बॅग मी त्या दिवशी उघडली नाही.

त्यानंतर बाबांनी पॉलिश पेपर हातात घेतला नाही. कुणाला काही बोलले नाहीत, नुसते लांब झाले. फिनिशिंगला शेजारच्या दोघी येऊ लागल्या. बाबा प्लॅस्टरमध्ये घालायचा काथ्या भिजवायचे, पाणी आणायचे, शेड झाडायचे. दुसरा साचा काढायची वेळ आली तेव्हा भाऊ हट्टाला पेटला की काढायचा तर बाबांनीच. त्यांनी काढला. पोकळीतून निघालेला हात त्यांनी अंगापासून लांब धरून आणला, त्यावर चिकटलेली पावडरही झटकली नाही, आणि माझ्या हातात देऊन आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

तो हात मी जसा होता तसा स्कॅन केला. गणित अडकत राहिलं, दिवसभर, मग दुसऱ्या दिवशीही. साहेब म्हणाले, जरा गुळगुळीत कर. मी नाही म्हटलं, आणि असं म्हटलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खळग्यात बसेल अशी मऊ रबरी गादी आम्ही घडवली आणि चाचांनी मोज्यात तिच्यासाठी खिसा विणला. या मोज्याने बाकीचा हात राखला. डॉक्टर म्हणाले, पुढे वाढणार नाही, पण करंगळीत जे गेलं ते मोज्याने येणार नाही. कदाचित ऑपरेशन करू, पण त्यानेही ती पूर्वीसारखी होईल असं सांगता येत नाही.

आणि मी गप्प राहिले. होळीपासून श्रावण लागेपर्यंत. दर सुट्टीला जायचे, बॅग घेऊन जायचे, बॅग घेऊन परत यायचे. स्वतःला सांगायचे की आता सांगून बोट थोडंच सरळ होणार आहे. सांगायचे की दोघांपैकी कुणा एकाचंच मन खायचं असेल तर माझं खाऊ दे, पण खात होतं बाबांचं आणि मला ते दिसत होतं. मी भित्री आहे. कामात हुशार असला की माणूस भित्रा असल्याचं लवकर कळत नाही, त्याचं त्यालाही.

या वर्षी भाऊ पुन्हा आखणीला बसला. करंगळी टेकत नाही म्हणून तो तिचं वाकलेलं पेर टेकवतो. आधी फुटक्या मूर्तींवर महिनाभर रेघा ओढल्या. त्या थरथरायच्या. मग थोड्या कमी थरथरायला लागल्या. पूर्वीची रेघ अजून आलेली नाही. येईल की नाही हे त्याला माहीत नाही आणि तो विचारत नाही.

श्रावणातल्या एका सुट्टीला मी शेडमध्ये उभी होते. बाबांचा जुना गिऱ्हाईक आला होता. एका मूर्तीच्या सोंडेवर बारीकसा उंचवटा राहिला होता. तो बाबांना म्हणाला, एवढं तुम्हीच हात फिरवून द्या. बाबा झाडू घेऊन उभे होते. ते म्हणाले, "नको. माझा हात वायट हाय."

गिऱ्हाईक हसला, त्याला थट्टा वाटली. मी तिथून आत वळले.

भाऊ आत आखणी करत होता. पंखा बंद होता. मी दारात उभी राहिले, कारण एवढी वर्षं मोडला नाही तो नेम आताही मोडवेना. एक डोळा पुरा झाला. त्याने ब्रश उचलला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. खळगा, बटण, दोनदा, निळा डाग. तो मूर्तीकडेच बघत होता. मला वाटलं तो विचारेल की तू असं का केलंस. त्याची उत्तरं मी पाच महिने तयार करून ठेवली होती.

"कवा कललं तुना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, चहाच्या टपरीवर आलो होतो, त्याच दिवशी.

तो हिशेब करत असल्यासारखा थांबला. मग म्हणाला की चूक झाली ती झाली, त्याबद्दल त्याला काही म्हणायचं नाही, त्याच्या हातूनही रेघा चुकतात. पण बाबांनी काम टाकलं आणि मी ते नुसती बघत राहिले, असंही म्हणाला. एवढं बोलून त्याने ब्रश पाण्यात बुडवला.

"मना नको सांगू. त्यांना सांग."

बाबा मागच्या पडवीत होते. आजूबाजूला न रंगवलेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले, बॅग उघडली आणि या वेळी तोंडाने सांगण्याआधी दाखवलं. पडद्यावर हात आला. मी तो फिरवला, करंगळीच्या मुळाशी नेला आणि खळगा दाखवला. म्हटलं, हा तुमच्या हातून गेला नव्हता, तुम्ही दिलात तेव्हा इथे होता. मग बटण दाबलं. एकदा, दोनदा. खळगा भरला.

बाबा पुढे वाकले. त्यांना पटकन कळलं. आयुष्यभर तेच काम केलेल्या माणसाला काय समजावून सांगायचं?

"परत आन," ते म्हणाले.

मी आधीची पायरी परत आणली. खळगा आला. त्यांनी पुन्हा भरायला सांगितलं, पुन्हा परत आणायला सांगितलं. तीनदा. मी दाबत राहिले. तिसऱ्यांदा खळगा परत आला तेव्हा त्यांनी पडद्यावर, बरोबर त्या जागी, अंगठा टेकवला. काचेवर पांढरा डाग उमटला.

"चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले. "परत आनता येतं."

मग ते उठले आणि आत गेले. भावाच्या शेजारी बसून त्यांनी त्याचा हात मांडीवर घेतला, मोजा काढला आणि करंगळीच्या मुळाशी अंगठा ठेवून बसले. दोघे काही बोलले असतील तर ते मला ऐकू आलं नाही. मला आत जाववलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. लॅपटॉप मिटून मी बराच वेळ पडवीत बसून राहिले.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तशी मी बॅग घेऊन निघाले. अंगणात स्कूटर उभी होती. शेडमधून पॉलिश पेपरचा आवाज येत होता, सावकाश, मग नेहमीच्या वेगाने. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, ते शेजारच्या बायकांचं घासणं नव्हतं. मी फाटकाशी थांबले, तो थांबेल म्हणून. थांबला नाही. त्या दिवशी बाबा मला स्टेशनला सोडायला आले नाहीत, आणि त्यानंतरही आलेले नाहीत.